टाकीच्या पोटातलं पाणी

१

लाल ट्रॅक्टर आधी थांबला. मग निळा.

धुकं असं दाट होतं की मला दोन्ही दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. पेरणीचा पहिला दिवस. मी मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी, आणि समोरच्या पांढऱ्यात कुठेतरी दोन इंजिनं घुमत होती. ऐकता ऐकता उभ्या उभ्या पुन्हा झोप लागते की काय असं वाटत होतं. तेवढ्यात लाल खोकला. दोनदा खोकला आणि गप्प झाला. म्हटलं, असेल काही, म्हातारा झालाय बिचारा. पण मग निळाही खोकला, ज्याच्या सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून निघाला नव्हता. आणि शेतावर इतकी शांतता पसरली की पत्र्यावरून गळणारे धुक्याचे थेंब ऐकू यायला लागले.

कप तिथेच ठेवला आणि मी धावले.

लाल ट्रॅक्टरवर असतात आमचे सावकाशकाका. त्यांच्या खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. "सावकाश" असं म्हटल्याशिवाय त्यांनी आजवर ना क्लच सोडला ना जिना उतरला, म्हणून सावकाशकाका. निळ्यावर माझा नवरा. मी पोचले तेव्हा दोघं लाल ट्रॅक्टरच्या कुशीत वाकून फिल्टरच्या काचेच्या वाटीत बघत होते. त्या वाटीत डिझेल असतं, पिवळसर, नितळ. आज तिच्यात पाणी होतं. तेही धड पाणी नाही. भांड्यात राहून गेलेल्या कोऱ्या चहासारखं तांबूस, आणि आत काळसर, बुळबुळीत तंतू तरंगत होते. वास तर असा की मी तोंडच फिरवलं.

"निळ्यातही हेच," नवरा म्हणाला.

धुक्यातून भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. सासरे गेल्यापासून शेतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी वाटी बघितली, वास घेतला आणि ताठ उभे राहिले.

"टाकीत पाणी आहे. म्हणजे कुणीतरी घातलंय. कुलूप जागच्या जागी आहे, मी आत्ताच बघून आलो. आणि किल्ली कालपासून तुमच्याकडे आहे, काका."

सावकाशकाकांनी हात पुसले. दोन्ही. बोटं एकेक करून.

"काय म्हणायचंय, दादा?"

"म्हणायचं काही नाही," भाऊजी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा."

२

आमची डिझेलची टाकी शेडच्या मागे आहे. आडवी, लांबट, लोखंडी चौपाईवर उभी केलेली. वर तोंड, त्याला झाकण आणि कुलूप. पुढच्या बाजूला तळालगत तोटी, तिला लावलेला काळा पाइप. ट्रॅक्टर पुढ्यात आणायचा, पाइप ट्रॅक्टरच्या टाकीत सोडायचा, तोटी उघडायची. डिझेल आपोआप खाली येतं. पाइपाच्या साखळीलाही तीच किल्ली लागते. तोटीतून डिझेल काढता येतं, पण पाणी घालता येत नाही. पाणी घालायचं तर वरच्या तोंडातूनच. आणि वरच्या तोंडाची किल्ली एकच. दुसरी होती, ती सासरे गेले तेव्हापासून हरवलेली.

म्हणजे झालं. दोन अधिक दोन चार. भाऊजींचा हिशेब नेहमी असाच सरळ असतो.

भाऊजींना मी मनातल्या मनात ओळंबा म्हणते. भिंतीवरची तसबीर जराशी कलली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. चपला जोडीने. दोऱ्या एका मापाच्या. लग्न केलेलं नाही. सरळ रेषेत चालणारी बाई अजून भेटायची आहे. माणूस वाईट नाही हो, कष्टाळू आहे, पण मऊपणा म्हणाल तर टाकीच्या पत्र्याला जास्त असेल. आठवड्यापूर्वी मी माहेरी होते, नवरा बियाणं आणायला गेला होता आणि काका डोळे तपासायला, तेवढ्या मोकळ्या दिवसांत या गृहस्थांनी एकट्याने टाकीला रुपेरी रंग दिला, चौपाई घासली, शेडच्या मागचं गवत काढलं. मी परत आले तर टाकी धुक्यात झोपलेल्या मोठ्या माशासारखी चमकत होती. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू.

आणि सावकाशकाका? त्यांची खोली शेडला लागून. भाऊजींना मिसरूड फुटायच्या आधीपासून ते तिथे राहतात. त्यांना जायला दुसरं घर नाही, पुढे-मागे कुणी नाही. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांनी मला ट्रॅक्टर शिकवला. मी बांध तोडून थेट विहिरीकडे निघाले होते, तरी शेजारी बसून शांतपणे म्हणत होते, "सावकाश, बाळ, विहीर कुठे पळून जात नाही." सख्ख्या वडिलांनी मला कधी इतक्या विश्वासाने काही हातात दिलं नव्हतं. अशा माणसाला संध्याकाळपर्यंत घालवायचं? माझं डोकं असं तापलं की धुकंसुद्धा वितळलं असतं.

पण माझं ऐकतो कोण! ऐकायचं तर एकाच माणसाचं ऐकतात भाऊजी. मी तडक ओसरीवर गेले. आत्या खुर्चीत झोपलेल्या होत्या.

आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. उभी हयात वजनमापांच्या खात्यात काढलेली. तराजू, काटे, पेट्रोलपंप, कशाकशात कोण पाप करतं ते बाई नुसत्या वासावरून सांगत. त्या बाजारात शिरल्या की दुकानदार ग्राहकाच्या पुडीत दोन दाणे जास्तीचे टाकत. आता निवृत्त झाल्यावर एकच काम, झोपणं. बसल्या की डोळे मिटतात.

"आत्या, उठा. टाकीत कुणीतरी पाणी घातलंय आणि भाऊजी सावकाशकाकांना हाकलतायत."

"झोपलेली नाही मी," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "पाण्याचा रंग कसा होता?"

३

दहाच्या सुमाराला धुकं वर उचललं आणि सगळीकडे एक कोमट, पिवळा उजेड भरला. त्या उजेडात आत्या टाकीभोवती अशा फिरत होत्या की जणू बागेत आल्यात. मी मागे मागे.

"रागावू नकोस," त्या भाऊजींना म्हणाल्या. "मला नुसतं सांग. नवीन डिझेल कधी भरलं?"

"काल. मी आणि काकांनी. पिंपातून हातपंपाने. पिंपाच्या तळाला थोडं उरलंय, मी बघितलं, स्वच्छ आहे. म्हणजे विकणाऱ्याचा दोष नाही."

"शाबास. मग?"

"मग कुलूप लावलं आणि किल्ली काकांना दिली, पहाटे भरायचं म्हणून. त्यानंतर किल्ली त्यांच्याच खिशात." भाऊजींनी आवाज खाली केला. "आणि कारणही आहे, आत्या. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, लाल ट्रॅक्टर विकून टाकू. तर मला म्हणाले, लाल गेला तर मीही गेलो. दोन दिवस जेवले नाहीत नीट."

हे मला माहीत नव्हतं.

आत्यांनी झाकण उघडायला लावलं. दोरीला बांधून एक बाटली वरून डिझेलात सोडली, भरली, उजेडात धरली. नितळ. मग पुढची तोटी बादलीत सोडली. आधी तेच तांबूस, घाण पाणी आलं, बुळबुळीत तंतूंसकट, आणि बराच वेळ येत राहिलं. आत्यांनी त्यातला एक तंतू चक्क बोटाने उचलला आणि अंगठ्यावर चोळून बघितला. मला शिसारी आली.

"पाणी खाली बसतं, डिझेल वर तरंगतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ते ठीक. पण हा शेवाळ्यासारखा प्रकार..."

पाइप परत ठेवताना माझा हात चिखलाने माखला. "बघा ना," मी कुरकुरले, "हल्ली याचं तोंड सारखं मातीत लोळतं. आधी कसा छान अधांतरी लोंबायचा. पाइप लांबलाय की काय!"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे पूर्ण उघडे. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

"पाइप लांबत नसतो, सूनबाई," त्या म्हणाल्या.

पुढे काही म्हणतील म्हणून मी थांबले, तर बाई जांभई देऊन काकांच्या खोलीकडे चालायला लागल्या.

४

काका पेटी भरत होते. पेटी म्हणजे पत्र्याची, झाकणावर गुलाबाचं चित्र असलेली. आत दोन सदरे, कंदिलाची काच वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि लाल ट्रॅक्टरचं जुनं, चिरलेलं स्टिअरिंगचं चाक. ते बदलून कितीतरी काळ लोटला. हे अजून ठेवून बसलेत. ते चाक बघून मला रडूच आलं.

"काका, तुम्ही सांगत का नाही, मी नाही केलं म्हणून?"

"विचारलं कुठे कुणी?" ते म्हणाले. "किल्ली तुमच्याकडे होती म्हणाले. होती. खोटं कसं म्हणू?"

"टाकीतलं पाणी आधी कधी आलं होतं का?" आत्यांनी विचारलं.

"मोठ्या मालकांच्या वेळी नाही. कधीच नाही. मी पुढून डिझेल घ्यायचो, मागचं मला माहीत नाही. मागे तेच असायचे."

"मागे काय करायचे?"

काका थोडं हसले. "मालकांना हौस होती. अधूनमधून मागे जाऊन बसायचे, बरणी घेऊन. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तुझं तू बघ, माझं मी बघतो. मला वाटायचं, चुलीसाठी थोडं डिझेल काढून नेत असतील. घरच्याच टाकीतून चोरून! मी कधी बोललो नाही कुणाला."

सासऱ्यांची ती बरणी आम्हीही बघितली होती. घरात त्यावरून चेष्टा चालायची: मालकच चोर, तर किल्ली कुणाला द्यायची! ते नुसते हसायचे.

काकांनी चाक उचलून पेटीत बसवायचा प्रयत्न केला. पेटी बंद होईना.

"सावकाश," आत्या म्हणाल्या. "अजून संध्याकाळ व्हायचीय."

५

दुपारी मी धुणं भिजवायला घेतलं. हात कामात असले की माझं डोकं चालतं. नवऱ्याच्या जाकिटाचा खिसा चाचपला, तर आत काहीतरी कडक लागलं.

कडी होती. कडीला दोन किल्ल्या. एक टाकीच्या कुलपाची. मी ती हजारदा बघितलेली आहे, डोळे मिटून ओळखेन.

हरवलेली किल्ली माझ्याच नवऱ्याच्या खिशात.

पाण्यात हात तसेच ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. साबणाचे फुगे एकेक करून फुटत होते. मनात नको नको ते यायला लागलं. मागच्याच महिन्यात हा मला म्हणाला होता, दादाच्या हाताखाली नाही राहायचं, आपण शहरात जाऊ. काका जाऊ नयेत म्हणून मी आरडाओरडा करतेय आणि चोर माझ्याच पांघरुणात?

लपवून ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण मग काकांची ती न मिटणारी पेटी डोळ्यांसमोर आली. मी ओल्या हातांनी उठले, नवऱ्याला हाताला धरून आत्यांसमोर उभं केलं आणि किल्ल्या त्यांच्या मांडीवर टाकल्या.

नवरा पांढरा पडला. मग लालबुंद झाला.

"बाबांच्या कोटात होती," तो म्हणाला. "ते गेल्यावर महिन्याभराने सापडली. द्यायला हवी होती दादाकडे. दिली नाही."

"का?"

"दिली असती तर दादाने खिळ्यावर टांगली असती. चिठ्ठी लावून." तो किल्ल्यांकडे बघत होता. "बाबा चालताना ती खिशात वाजायची, आत्या. मी चाललो की वाजते. बास. एवढंच. टाकी मी नाही उघडली."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. साबणाचा ठसा उमटला सदऱ्यावर. इतकी लाज वाटली मला स्वतःची.

आत्यांचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या दुसरी किल्ली निरखत होत्या. ती किल्ली कसली, लोखंडाची बोटभर नळीच, टोकाला चौकोनी भोक पाडलेलं.

"ही कशाची?"

"कशाचीच नाही. घरातल्या सगळ्या कुलपांना लावून बघितली. लागत नाही."

"कुलपांना लावलीस होय!" आत्या म्हणाल्या, आणि चौकोनी भोकाला डोळा लावून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

६

ऊन उतरायला लागलं. भाऊजींनी दोनदा घड्याळ बघितलं. काकांची सायकल शेडबाहेर आली, मागे दोरी लोंबत होती. आणि आत्या? आत्या मागच्या दारापाशी एका पांढऱ्या दगडावर बसून गाढ झोपल्या होत्या!

मागच्या दाराच्या दोन्ही बाजूंना असे दोन चपटे दगड आहेत, वीटभर जाडीचे, चुन्याने रंगवलेले. भाऊजींचीच कलाकुसर, रंगाच्या त्याच आठवड्यातली. मला वैताग आला. धपकन दुसऱ्या दगडावर बसले.

"आत्या, काका निघाले. तुम्ही घोरताय."

"सूनबाई, हे दगड इथे कधीपासून?"

"हे? मी माहेराहून आले तेव्हा होते. का?"

"बसायला चांगले आहेत." त्या उठल्या आणि दगडाची खालची बाजू चाचपून बघितली. तिथे चुना नव्हता. तांबेरा लागलेला होता, गंजाचा चौकोन, नीट उमटलेला. "चल, वहिनीला भेटू."

मी गडबडले. वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या खोलीतून फारशा बाहेर येत नाहीत, बोलत तर जवळजवळ नाहीत. भाऊजींचा नियमच आहे, आईला काही सांगायचं नाही, काळजी करेल. सकाळपासून घरात एवढा गोंधळ झाला, पण त्या खोलीपर्यंत त्यातलं अवाक्षरही गेलेलं नव्हतं.

खोलीत सकाळचा गारवा तसाच अडकलेला होता. सासूबाई पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसलेल्या. खिडकीची तावदानं आतून अजून ओली होती, थेंब घरंगळून खालच्या फळीवर थारोळं झालं होतं. मी रोज सकाळी पुसते. आज राहून गेलं होतं. फळीवर एक काचेची बरणी. ती मात्र मी कधीच पुसत नाही, सासूबाई हात लावू देत नाहीत. तिच्याकडे मी वर्षभर रोज बघत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. वर पिवळसर, नितळ. खाली तांबूस. मधोमध सुरीने कापल्यासारखी रेघ.

"वहिनी, ही बरणी?" आत्यांनी हळूच विचारलं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी ठेवलीय."

आत्यांनी ओल्या तावदानावर एक बोट फिरवलं. थेंब बोटावर घेतला आणि उजेडात बघितला, सकाळी बाटली बघितली होती तसाच. मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात झोपेचा लवलेश नव्हता.

"सगळ्यांना टाकीपाशी बोलाव. सायकलसकट."

७

उतरतीच्या उन्हात टाकी सोन्याची वाटत होती. भाऊजी हाताची घडी घालून उभे. नवरा माझ्याजवळ. काका सायकल धरून, पेटी दोरीने बांधलेली, झाकण अर्धवट उघडं आणि त्यातून चाकाची कड दिसत होती.

"माझ्या नोकरीत एक गोष्ट शिकले," आत्या म्हणाल्या. "मापात पाप असलं की सगळे माणसाकडे बघतात. आधी मापाकडे बघावं. तुम्ही सकाळपासून विचारताय, काल किल्ली कुणाकडे होती? पण हे पाणी कालचं नाही. कालचं पाणी स्वच्छ असतं. हे गंजलंय, त्यात बुळबुळीत घाण वाढलीय. अशी घाण वाढायला महिने लागतात. पाणी केव्हाचं टाकीत आहे."

"मग घातलं कुणी?" भाऊजी म्हणाले.

"तुझ्या आईच्या खिडकीवर रोज पाणी कोण घालतं?"

भाऊजींच्या हातांची घडी सुटली.

"दिवसा ऊन, रात्री गारठा. काच आतून ओली होते. टाकीही आतून ओली होते, आणि अर्धी रिकामी असली की जास्तच. थेंब थेंब पत्र्यावरून उतरतो आणि तळाशी बसतो. घालणारा कुणी नाही."

"असं असेल तर बाबांच्या वेळी का नाही आलं?" भाऊजी पुढे सरकले. "इतकी वर्षं? बरोबर आजच?"

"आता खरा प्रश्न विचारलास." आत्यांनी पाइपाचं मातीत लोळणारं तोंड पायाने दाखवलं. "पाइप लांबला, असं सूनबाई म्हणते. पाइप लांबला नाही. टाकी खाली आली. पुढच्या बाजूने, वीटभर. बाळ, रंग देताना तू टाकीला आणखी काय केलंस?"

भाऊजींचा चेहरा उजळला! खरंच उजळला, कौतुक होणार असं वाटलं असावं. "सरळ केली. पुढच्या दोन पायांखाली दगड होते, टाकी मागे कललेली होती. जॅक लावून मी दगड काढले, पाणसळ ठेवून बघितलं, बुडबुडा अगदी मधोमध. बाबांना इतक्या वर्षांत साधी टाकी सरळ..."

आणि तिथे ते थांबले. पाणसळीतला बुडबुडा हलावा तसे त्यांचे डोळे हलले, टाकीच्या पुढून मागे, मागून पुढे.

मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अर्धा दिवस आम्ही त्याच दगडांवर बसून चोर शोधत होतो.

"टाकी मागे कललेली असली की पाणी मागे जमतं," आत्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ होता. "पुढच्या तोटीला नितळ डिझेल मिळतं. वाकडी नव्हती ती. तशीच बसवली होती त्याने." त्यांनी कडीची ती दुसरी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. "टाकीच्या मागे जा. तळाला बघ."

नवरा मागे गेला. चौपाईखाली वाकला. रुपेरी रंगाखाली एक नळीचं बुटकं टोक होतं, मूठ नसलेलं, नुसता चौकोनी खुंट. किल्लीचं भोक त्यावर बसलं, आणि इतक्या अलगद फिरलं की काल परवा कुणी तेल घातलं असावं असं वाटलं. काळं, गढूळ पाणी मातीत ठिबकायला लागलं.

"बरणी घेऊन मागे बसायचे ते डिझेल चोरायला नाही," आत्या म्हणाल्या. "पाणी काढायला बसायचे. पाणी घालणारा इथे कुणी नाही, बाळ. पाणी काढणारा गेला, एवढंच झालं."

८

भाऊजी सायकलपाशी गेले. मला वाटलं, आता माफी मागतील, काहीतरी लांबलचक बोलतील. पण नाही. त्यांनी दोरी सोडली, पेटी खांद्यावर घेतली आणि खोलीकडे निघाले. झाकण उघडंच, चाक बाहेर आलेलं, पेटी पार तिरकी. पहिल्यांदाच त्यांना असं तिरकं चालताना बघितलं.

"दादा, सावकाश, आत काच आहे," काका मागून म्हणाले. आणि डोळे पुसले, बोटं एकेक करून.

"लाल विकायचा नाही," भाऊजी न वळता म्हणाले.

मग दोघा भावांनी जॅक लावला, आणि चुन्याने रंगवलेले ते दगड जिथले होते तिथे परत ढकलले. गंजाचा चौकोन पायाला बरोबर बसला. टाकी मागे कलली. खरं सांगू, तशीच बरी दिसत होती. मागून पाणी ठिबकतच होतं, आणि किती वेळ काढायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तसं नाही," कुणीतरी म्हणालं.

सासूबाई होत्या. पायात चप्पल नाही, केस विस्कटलेले, हातात ती खिडकीतली बरणी. वर्षभरात पहिल्यांदा त्या शेडच्या मागे आल्या होत्या. भाऊजी धावले, "आई, तू कशाला... तुला काही सांगितलं नव्हतं..."

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं नीट. बरणी भरून खिडकीपाशी आणायचे आणि म्हणायचे, बघ गं, आहे का अजून? मी उजेडात धरायची. खाली रेघ दिसली की सांगायची, अजून आहे. मग ते परत जायचे, परत भरून आणायचे. नितळ झालं की मी म्हणायची, झालं." त्यांनी हातातल्या बरणीकडे बघितलं. "ही घेऊन आले आणि म्हणाले, जरा पडतो. मी सांगायच्या आधीच."

सासूबाईंनी बरणीतलं सगळं गढूळ बादलीत ओतलं आणि रिकामी बरणी भाऊजींच्या हातात दिली. भाऊजी टाकीमागे जाऊन बसले, चिखलात, स्वच्छ विजारीसकट. बरणी भरून आणली. सासूबाईंनी ती उन्हात धरली.

"अजून आहे."

ते परत गेले. पुन्हा आणली. पुन्हा "अजून आहे". रेघ खाली सरकत होती. ऊन शेतापलीकडे उतरत होतं, आणि परत गारठा यायला लागला होता. काका आणि नवरा फिल्टर धुऊन ट्रॅक्टरच्या डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढायला गेले. आत्या मघाच्याच जागी दगड नाहीत हे विसरून बसायला गेल्या आणि थोडक्यात वाचल्या.

शेवटची बरणी आली ती नितळ होती. तळापासून वरपर्यंत पिवळी, रेघ नाही, कण नाही. मला दिसत होतं. भाऊजींना तर दिसतच होतं. त्यांच्याइतकी सरळ नजर घरात कुणाची नाही. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली आणि कितीतरी वेळ तिच्यातून मावळतीकडे बघत राहिल्या. ओठ हलले, पण 'झालं' हा शब्द काही बाहेर येईना.

"अजून आहे," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग बरणी घेतली आणि परत टाकीमागे गेले.